उतारावर बंद केलेली गाडी

गाडी घेताना आम्ही विकणाऱ्याला सगळं विचारलं. कागद, टायर, इंजिन कधी उघडलंय का, कुठं ठोकली होती का. शेवटी तोच वैतागला. "ताई, एक सोडून सगळं विचारलंत. अ‍ॅव्हरेज विचारलं नाहीत."

"बरं, अ‍ॅव्हरेज काय देते?"

तो हसला. "नका विचारू."

तरी घेतली. जुनी डिझेल जीप, कितव्या हाताची ते त्यालाही सांगता आलं नाही. आम्ही चार-पाच जण दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी काम करतो. मागण्या साध्या आहेत. हातमोजे द्या, तोंडाला धड मास्क द्या, औषध मारून झाल्यावर हात धुवायला पाणी आणि साबण द्या. इतकं मागायला पत्रकं काढावी लागतात, याचीच खरं तर लाज वाटायला हवी, पण ज्यांना वाटायला हवी ते पत्रकं वाचत नाहीत. पत्रकं मी लिहिते. मजूर बरेचसे पेठकडच्या पाड्यांवरचे, आणि पाड्यापर्यंत एसटी जात नाही. म्हणून जीप. आणि ही जीप डिझेल अशी प्यायची, की एका पाड्यावर गेलो की दुसरा सोडून द्यावा लागायचा.

आईला मी गाडीचं सांगितलं नव्हतं. आमच्या घरात गाड्यांबद्दल बोलत नाहीत.

माझे पप्पा पिकअप चालवायचे. दिंडोरीहून द्राक्षांचे क्रेट भरायचे आणि पेठवरून गुजरातेत न्यायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना त्यांची गाडी सावळ घाटात दरीत गेली. पंचनामा करणाऱ्या हवालदारानं माझ्या मामाला बाजूला घेऊन सांगितलं, की गिअर न्यूट्रलला होता आणि चावी बंद होती. मामानं ते मामीला सांगितलं, आणि मग ते सगळ्यांना कळलं. चालत्या गाडीची चावी माणूस कशाला बंद करेल? आमच्या नातेवाइकांत हा प्रश्न मोठ्यानं कुणीच विचारला नाही. हळू आवाजात सगळ्यांनी विचारला.

त्या सकाळी आई-पप्पांचं भांडण झालं होतं. कशावरून, तर माझ्या आत्याकडच्या कार्यक्रमाला जायचं की नाही यावरून. इतकं फडतूस कारण. पण आवाज चढले, पप्पा डबा ओट्यावरच ठेवून निघून गेले, आणि आईनं मागून काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

मालकाचा माणूस म्हणाला, ब्रेक फेल. आईनं मान हलवली. पण लसूण सोलता सोलता, कपड्यांच्या घड्या घालता घालता ती मध्येच थांबायची. "चावी अशी आपोआप बंद होते का गं?" मला विचारायची, ओळखीच्या रिक्षावाल्याला विचारायची, शेजारच्या स्कूटरवाल्या मुलाला विचारायची. जणू सहज काहीतरी आठवलं म्हणून विचारतेय. ते बिचारे खरं उत्तर द्यायचे. "नाही हो काकू. फिरवल्याशिवाय कशी बंद होईल?" मग ती "हं" म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. इतकी वर्षं मी तो "हं" ऐकत आले. जबाबदार कोण, फायदा कुणाचा, हे मी कुठल्याही विषयावर अर्ध्या पानात लिहून देते. या एका गोष्टीवर माझ्याकडे एक ओळ नव्हती.

जीप चालवायला माणूस हवा होता. नाशकात द्वारकेच्या पुलाखाली बदली ड्रायव्हर उभे असतात, तिथं मला काका दिसले. हे काका पप्पांबरोबर त्याच मालकाकडे गाडीवर होते. पप्पांच्या मयतीला आले होते, आणि त्यानंतर आमच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. मला बघून त्यांनी आधी दुसरीकडे बघितलं.

"काका, आमची गाडी चालवाल का? आणि मलाही शिकवाल का?"

"शिकून काय करती? बस की मागं शांत."

"शांत बसायचं असतं तर पत्रकं कशाला वाटली असती?"

"ते बी खरं," म्हणाले, आणि आले.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "हवा कुणी भरली?"

"मी बघितली ना. पायानं दाबून."

"टायर हाय का केळं हाय ते?" पंपावर जाऊन हवा मोजून भरली. मग बॉनेट उघडून एअर फिल्टर काढला आणि फुटपाथच्या कडेवर आपटला. इतकी माती निघाली, की चहाच्या टपरीवरचा माणूस ओरडला. "अख्खा दिंडोरी तालुका भरलाय यात," काका म्हणाले. "हिला श्वास घ्यायला जागा नाय, आन् तुमी म्हणता डिझेल खाती."

टपावरचा कॅरियर काढायचा म्हटल्यावर मात्र आमची बैठकच बसली. कॅरियरवर भोंगा होता आणि पुढं आमचा मोठा फलक. फलक काढायचा म्हणजे काय? लोकांना कळणार कसं?

"पळती गाडी कोण वाचतं?" काका म्हणाले. "त्या फळीला वारा अडतो. गाडी निम्मं डिझेल वाऱ्याला ढकलाया जाळती. गावात जाऊन लावा ना फळी."

मग मागच्या सीटखाली हात घालून त्यांनी गठ्ठे ओढले. "ही रद्दी?"

"रद्दी नाही ती. साहित्य आहे."

"लय जड हाय साहित्य. घरी ठेव."

एकदा चालवून आणल्यावर त्यांनी प्रत्येक चाकाला उलटा हात लावला. मागचं एक चाक चटका बसेल इतकं तापलं होतं. ब्रेक चिकटून राहिला होता, म्हणजे इतके दिवस आम्ही एक पाय ब्रेकवर ठेवल्यासारखीच गाडी चालवत होतो. तो सोडवून घेतला. मग माझा पाय. "दाबू नको. बाळाला थोपटती तसा ठेव. आन् इंजिन रडायच्या आधी गिअर बदल, रडल्यावर नको." सिग्नलला गाडी बंद करायची, हेही त्यांनीच शिकवलं. द्वारकेच्या गर्दीत त्यांचा हात सवयीनं चावीकडे जायचा. उभी गाडी फुकट का जाळायची, इतकं मलाही पटत होतं.

हळूहळू फरक पडला. एका टाकीत आता दोन्ही बाजूंचे पाडे व्हायचे. माझ्याच पत्रकांपेक्षा मी त्या अ‍ॅव्हरेजचं कौतुक जास्त सांगत सुटले होते.

मग आम्ही पेठच्या बाजूला निघालो. एका पाड्यावर बायकांची बैठक होती, मी आणि काका पुढं, मागं कुणी नाही. घाट मला माहीत होता. पप्पा गेल्यानंतर मी त्या रस्त्यानं एसटीनं गेले होते, आणि दर वेळी डोळे मिटून घेतले होते. या वेळी शिकाऊ ड्रायव्हर म्हणून डोळे उघडे ठेवायचे ठरवलं होतं. उतार सुरू झाला. काकांनी गिअरचा दांडा मध्ये ओढला, आणि हात पुढं नेऊन चावी फिरवली.

इंजिन बंद झालं.

गाडी मात्र पळत होती. उलट जास्तच पळत होती. आधी इंजिनच्या आवाजाखाली झाकलेलं सगळं ऐकू यायला लागलं. टायरखालची खडी. दाराच्या फटीतला वारा. सीटखाली गडगडत गेलेली पाण्याची बाटली. रस्त्याच्या कडेनं मोळी घेऊन चाललेल्या दोन बायकांच्या बोलण्यातला एक आख्खा शब्द. वजनदार लोखंड इतक्या शांतपणे खाली जाऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

"आता बघ अ‍ॅव्हरेज," काका खुशीत म्हणाले. "घाट फुकट नेतो आपल्याला."

मी चावीकडे बघत होते. वळण आलं तसा त्यांनी ब्रेक दाबला. गाडी मंदावली. पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी त्यांची मांडी ताठ झालेली दिसली, सगळं वजन त्यांनी पेडलवर टाकलं होतं. मग चावी फिरली, गाडीला हिसका बसला आणि इंजिन पुन्हा बोलायला लागलं.

"काका," मी म्हटलं. "चावी."

मग त्यांनी गाडी कडेला घेतली. कुणीच दार उघडलं नाही.

"पप्पा असंच करायचे?"

"समदेच करायचे, पोरी. मालक अ‍ॅव्हरेज ठरवून द्यायचा. भरल्या गाडीला, चढाच्या रस्त्याला ते कधीच पडायचं नाय. कमी पडलं की पगारातून कापायचा. मग चढावर गेलेलं उतारावर वसूल करायचं."

"मग ब्रेक फेल कुठून आला?"

"इंजिन बंद असलं की ब्रेकला त्याची मदत नसती. दोनतीनदा दाबला की पेडल दगड होतं. मग माणसाच्या पायात असंल तेवढाच ब्रेक."

"हे माहीत होतं तुम्हाला?"

"समद्यांना माहीत हाय."

"आणि आत्ता? मला शेजारी बसवून? याच घाटात?"

त्यांनी स्टीअरिंगवरचा हात बघितला, जणू तो त्यांचा नव्हताच. "सवय," म्हणाले. "आपसुक जातो हात."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आमच्या घरी का सांगितलं नाही, असं विचारलं. ते म्हणाले, मालकानं बजावलं होतं, बाहेर कुणी बोललं तर विम्याचं अडेल आणि वहिनीला काही मिळायचं नाही. शिवाय बोलणाऱ्याच्या हातातली चावी दुसऱ्या दिवशी काढून घेतली असती. "आन् मला वाटलं, वहिनीला ठाऊक असंल. ड्रायव्हरच्या बायकोला ठाऊक असतंच."

"तिला वाटतं, त्यांनी मुद्दाम केलं."

"काय मुद्दाम?"

मी चावीकडे बोट केलं, मग दरीकडे. त्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि दरीकडे तोंड करून बसले. वरून गाड्या येत होत्या. काहींचा आवाज येत होता. काही नुसत्याच येत होत्या.

त्या दिवशी पाड्यावर मी काय भाषण केलं, मला आठवत नाही.

नंतर मी एका इंजिनिअर मैत्रिणीला विचारलं, की उतारावर गाडी बंद केल्यानं वाचतं तरी किती? ती म्हणाली, गिअरमध्ये ठेवून पेडलवरून पाय काढलास, तरी पंप डिझेल जवळपास बंदच करतो. चाकंच इंजिनाला फिरवतात. वर इंजिन गाडीला मागं धरून ठेवतं ते वेगळंच. म्हणजे वाचतं जवळजवळ काहीच नाही. मालकाचं डिझेलसुद्धा धड वाचत नव्हतं. मी संतापून पत्रक लिहायला बसले. 'ड्रायव्हर बंधूंनो, उतारावर गाडी बंद करू नका.' काकांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "हे आमाला कशाला सांगती? ठरवून देणाऱ्याला सांग." मी कागद फाडला. पहिल्यापासून लिहायला हवं होतं. पण त्याआधी घरी सांगायला हवं होतं.

काकांना घरी आणायला मला फार आर्जवं करावी लागली. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीच्या कमानीपाशी ते दोनदा थांबले. आईनं दार उघडलं. "या भाऊजी," म्हणाली, कालच येऊन गेल्यासारखी. चहा टाकला. काकांनी कप घेतला आणि तो पिण्याऐवजी बोलायला सुरुवात केली, सरळ मधूनच, आमच्या जीपच्या गिअरपासून. आई उभीच होती. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. काकांचं सांगून संपलं.

मग तिनं विचारलं, "हे रोजच करायचे?"

"रोज. प्रत्येक उताराला."

"तुम्ही हे मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"वहिनी, दसऱ्याला शाल कुणाला मिळायची? आठवा."

आई खाली बसली. दसऱ्याला मालकाकडे गाड्यांची पूजा असायची, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. आमच्या घरी तो दिवस पांढऱ्या कपड्यांचा आणि वंदनेचा. पप्पा सकाळी आमच्याबरोबर विहारात यायचे आणि त्याच पांढऱ्या शर्टावर मालकाकडे जायचे. दोनदा ते शाल-नारळ घेऊन परतले होते. चांगल्या कामाबद्दल सत्कार, असं त्यांनी सांगितलं होतं. नारळाच्या वड्या आईनं सगळ्या गल्लीत वाटल्या होत्या.

"ज्याचं अ‍ॅव्हरेज जास्त, त्याला शाल," काका म्हणाले. "तुमच्या घरात दोन शाली हायेत. त्या घाटातनंच आल्यात."

आई जमिनीकडे बघत होती.

"आन् दुसरं सांगतो," काकांचा आवाज जरा चढला. "ज्याला जायचंच हाय, तो डिझेल कशाला वाचवंल? ज्याला महिन्याच्या शेवटी पगार घरी न्यायचाय, तोच वाचवतो."

"म्हणजे ते येणार होते," आई म्हणाली. "घरी."

"येणारच व्हता की."

मला वाटलं होतं, ती रडेल. रडली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "डिझेल कुणाचं होतं?"

"मालकाचं."

"मालकाचं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं ती नुसती उभी होती. मी दारातून बघितलं. ओट्याला दोन्ही हात टेकून.

मला पुरावा लागतो. पुराव्याशिवाय मी पत्रकात एक वाक्य टाकत नाही. आणि हा पुरावा नव्हे, हे मला कळतं. त्या शेवटच्या उतारावर पप्पांच्या मनात काय होतं, हे काकांना माहीत नाही, मला नाही, कुणालाच नाही. डबा ओट्यावर राहिला, ही गोष्टही खोटी होत नाही. पण चावीचा प्रश्न आईनं त्यानंतर कुणालाच विचारला नाही. त्याऐवजी एक दिवस म्हणाली, "मला न्या तिकडं. तुमच्या त्या गाडीतून."

मी चालवायला बसले. लायसन्स नवंकोरं. आई पुढं माझ्या शेजारी, काका मागं. गिरणारे फाटा मागं टाकला, डोंगर जवळ आले, आणि आईचं बोलणं तुटत गेलं. उतार लागायच्या आधी मी दुसरा गिअर टाकला आणि पेडलवरून पाय उचलला. इंजिन मोठ्यानं घोगरलं. गाडी अशी हळू उतरायला लागली, की मागच्या मोटारसायकली वैतागून हॉर्न मारत पुढं गेल्या.

"चालू आहे ना?" आईनं विचारलं. आवाज इतका, की तिला ओरडावं लागत होतं.

"चालू आहे."

जरा पुढं गेल्यावर पुन्हा. "चालू आहे ना?"

"आई, ऐकू येतंय ना तुला?"

तिनं डॅशबोर्डवर तळवा टेकला आणि तो तसाच ठेवला. डॅशबोर्ड थरथरत होता, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मागून काका पुढं वाकले. "वहिनी, ते वळण आता—"

"सांगू नका," आई म्हणाली. "मला ते बघायचं नाही. मला फक्त खाली जायचंय."

मी आरशात बघितलं, तेव्हा एक पिकअप आमच्या अगदी मागं होता. कधी आला कळलंच नाही. क्रेटांनी भरलेला, वर निळी ताडपत्री. तो उजवीकडून आमच्या बरोबरीला आला, आणि त्याचा काहीच आवाज नव्हता. फक्त टायर. ड्रायव्हर माझ्याएवढाच असेल. एक कोपर खिडकीवर, नजर समोर, चेहरा अगदी निवांत. आईनं त्याच्याकडे बघितलं. तिला समजलं. कुणाला सांगावं लागलं नाही.

ती माझ्या अंगावरून खिडकीकडे झेपावली. स्टीअरिंग माझ्या हातात हललं, काकांनी मागून तिचा खांदा धरला. "चालू कर!" ती ओरडली. "ए बाळा, गाडी चालू कर! चालू कर रे!"

त्यानं तिच्याकडे बघितलं. बाईचं काय बिनसलंय, असा चेहरा. मग तो पुढं निघून गेला, ताडपत्रीचं टोक फडफडत राहिलं, आणि पिकअप वळणाआड गेला.

मी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं, बंद करायची माझी हिंमत नव्हती. आम्ही तिघंही खालच्या रस्त्याकडे कान लावून बसलो.

आई म्हणते, वळणापलीकडे गाडी चालू झाल्याचा आवाज आला. नक्की आला, तिनं स्वतः ऐकला. काका म्हणतात, आला असंल. मला आमच्याच इंजिनचा आवाज येत होता.